कोलामी भाषा

कोलामी ही द्राविडी भाषाकुलाच्या मध्य गटातील भाषा असून ती कोलाम या आदिवासी समाजाची मातृभाषा आहे. महाराष्ट्रातील यवतमाळ, नांदेड, चंद्रपूर व वर्धा या जिल्ह्यांत आणि तेलंगणातील अदिलाबाद व कुमुरम भीम आसिफाबाद या जिल्ह्यांत ती बोलली जाते. मराठवाड्यात तिचे क्षेत्र अगदी मर्यादित आहे. नांदेड जिल्ह्याच्या ईशान्येकडील किनवट आणि माहूर हे डोंगराळ, जंगलव्याप्त तालुके म्हणजेच तिचा मराठवाडा. २०११ च्या जनगणनेत देशभरात १,२८,४५१ व्यक्तींनी आपली मातृभाषा कोलामी असल्याचे नोंदविले.

कोलामी म्हणजे 'मोडकी तेलुगू' किंवा 'गोंडीचाच एक प्रकार' असा समज या भागातील सुशिक्षितांतही आढळतो. तो चुकीचा आहे. तेलुगू, कन्नड आणि गोंडी या तिन्ही शेजारी भाषांत जे ध्वनिबदल घडले, त्यांपैकी महत्त्वाचे बदल कोलामीत घडलेलेच नाहीत. तिच्या स्वतंत्रपणाचा सर्वांत भक्कम पुरावा तिच्या उच्चारांतच आहे. म्हणून या लेखात ध्वनिव्यवस्थेचा विचार अधिक विस्ताराने केला आहे.

नाव

'कोलाम' हे नाव मराठीत आणि सरकारी कागदपत्रांत रूढ आहे. कोलाम लोक स्वतःला 'कोलावर' म्हणवतात. त्यातील शेवटचा 'र' हा पुरुषवाचक अनेकवचनाचा प्रत्यय आहे. गोंड लोक त्यांना 'पुजारी' म्हणतात, कारण काही स्थानिक देवतांची पूजा करण्याचा मान गोंडांच्या गावांतही परंपरेने कोलामांकडे असतो. तेलुगू भाषकांनी दिलेले नाव 'मन्नेवार' किंवा 'मन्नेरवारलू' असे आहे. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत 'कोलाम, मन्नेरवारलू' अशी जोडनोंद आहे. जमातीची लोकसंख्या आणि भाषकांची संख्या यांची सांगड घालताना ही जोडनोंद ध्यानात ठेवावी लागते.

प्रदेश आणि भाषक

कोलामांची वस्ती सामान्यतः मुख्य गावापासून दूर, डोंगराच्या उतारावर किंवा माथ्यावर असते. यवतमाळकडे तिला 'पोड' म्हणतात. यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर, मारेगाव, वणी, झरी-जामणी व घाटंजी हे तालुके, चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा व जिवती, पैनगंगेच्या खोऱ्यातील किनवट आणि पलीकडे अदिलाबादचा पठारी प्रदेश असा हा सलग पट्टा आहे. मधून गेलेली राज्याची सीमा मात्र अलीकडची आहे. किनवट तालुका १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या अदिलाबाद जिल्ह्यात होता. राज्य पुनर्रचनेत तो नांदेड जिल्ह्याला जोडण्यात आला. एकाच भाषेचे लोक त्यामुळे दोन राज्यांत, दोन राजभाषांखाली आणि दोन लिप्यांच्या शाळांत विभागले गेले.

२००१ च्या जनगणनेत कोलामी भाषकांची संख्या १,२१,८५५ होती. म्हणजे दहा वर्षांत ती साडेपाच टक्क्यांच्या आत-बाहेर वाढली, तर त्याच काळात देशाची लोकसंख्या साडेसतरा टक्क्यांहून अधिक वाढली. २०११ मध्ये एकट्या महाराष्ट्रात कोलाम जमातीची लोकसंख्या, वर उल्लेखिलेल्या जोडनोंदीसह, सुमारे १ लाख ९४ हजार होती. जमातीचा आकडा भाषेच्या आकड्याहून एवढा मोठा असण्याचे एक कारण जोडनोंद हे आहे; दुसरे असे, की अनेक कोलाम कुटुंबांत आता मराठी, तेलुगू किंवा गोंडी हीच घरची भाषा झाली आहे. महाराष्ट्रातील कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन जमाती विशेष असुरक्षित आदिवासी गटांत मोडतात. कोलामीचा समावेश राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही.

बहुतेक प्रौढ कोलाम द्विभाषक किंवा त्रिभाषक असतात. किनवटच्या आठवडी बाजारात एकच माणूस एका पालाशी मराठी, दुसऱ्याशी तेलुगू, तिसऱ्याशी गोंडी बोलतो आणि बरोबर आलेल्या बायकोशी कोलामी. कोलामी न शिकता तिच्या शेजाऱ्यांचे सर्व व्यवहार चालतात. कोलामांचे मात्र शेजाऱ्यांच्या भाषा शिकल्यावाचून चालत नाही.

वर्गीकरण: तेलुगू नव्हे, गोंडीही नव्हे

द्राविडी भाषांचे दक्षिण, दक्षिण-मध्य, मध्य आणि उत्तर असे चार गट मानले जातात. तेलुगू आणि गोंडी दक्षिण-मध्य गटात, कन्नड दक्षिण गटात आणि कोलामी मध्य गटात येते. कोलामीचे सख्खे नाते आहे ते नाइकी, बस्तरमधील पर्जी आणि ओडिशा-आंध्र सीमेवरील गदबा या लहान भाषांशी. या गटात सर्वाधिक भाषक कोलामीचेच आहेत.

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतील वाचकाला हे वर्गीकरण पडताळून पाहणे सोपे आहे. देगलूर, बिलोली, धर्माबाद या भागांत तेलुगू कानावर पडते, तर निलंगा, उदगीर भागात कन्नड. या दोन भाषांतील नेहमीचे शब्द कोलामीच्या शेजारी ठेवून पाहावेत.

तेलुगूत मूळ 'क' हा इ, ए या स्वरांपूर्वी 'च' झाला. त्यामुळे कानाला तेलुगूत 'चेवि' आणि हाताला 'चेयि' म्हणतात. कन्नडमध्ये हेच शब्द 'किवि' आणि 'कै' आहेत. कोलामीत कान म्हणजे 'केव' आणि हात म्हणजे 'की'. 'क' जसाच्या तसा राहिला आहे. कोलामी जर तेलुगूतून फुटलेली बोली असती, तर तिच्यात हा 'च' दिसला असता. 'च' झालेल्या ध्वनीचा नेमक्या त्याच शब्दांत पुन्हा 'क' होणे संभवत नाही.

मग ती कन्नडच्या जवळची म्हणावी काय? कन्नडमध्ये शब्दारंभीचा 'प' मध्ययुगात 'ह' झाला. दूध 'हालु', दात 'हल्लु', साप 'हावु', वाघ 'हुलि'. कोलामीत हे चार शब्द अनुक्रमे 'पाल', 'पल', 'पाम' आणि 'पुल' असे आहेत. येथे 'प' टिकला आहे.

तिसरी कसोटी गोंडीची. तेलुगू आणि गोंडी या दोन्ही भाषांत काही शब्दांतील आरंभीचा स्वर मागे सरकून 'र' पुढे आला. 'दोन' या अर्थी मूळ शब्द स्वराने सुरू होणारा होता. कन्नडमध्ये तो 'एरडु' असा आहे. तेलुगूत मात्र 'रेंडु' आणि गोंडीत 'रंड' झाला. कोलामीत वस्तूंसाठी 'दोन' म्हणजे 'इंदिङ'. स्वर आपल्या जागी आहे. 'घर' या शब्दाचेही तसेच: गोंडी 'रोन', कोलामी 'एल्ला'.

एक शब्द तर असा आहे की त्यात कोलामीने थोरल्या तिन्ही भाषांपेक्षा जुने रूप जपले आहे. मिठाला तमिळ, कन्नड आणि तेलुगू या तिन्ही भाषांत 'उप्पु' म्हणतात. या शब्दाच्या आरंभी एके काळी 'च' होता, तो तेथे लुप्त झाला. पर्जीत तो 'चुप' असा टिकला आणि कोलामीत 'सुप' असा. ज्या भाषेला 'मोडकी' म्हणण्याची प्रथा आहे, तिनेच हा शब्द अधिक अखंड राखला आहे. उलटही घडते. 'पाणी' या अर्थाच्या 'नीरु' शब्दातील आरंभीचा 'न' कोलामीने गाळला आणि 'ईर' असे रूप केले. भाषा काय राखील आणि काय टाकील याचा नियम एका शब्दावरून बांधता येत नाही.

ध्वनिव्यवस्था

स्वर: कोलामीत अ, इ, उ, ए, ओ हे पाच स्वर असून प्रत्येकाचे ऱ्हस्व आणि दीर्घ असे दोन प्रकार आहेत. एकूण स्वर दहा. ऱ्हस्व-दीर्घ भेदाने अर्थ बदलतो: 'पल' म्हणजे दात, 'पाल' म्हणजे दूध. मराठीत 'ए' आणि 'ओ' यांना ऱ्हस्व-दीर्घ भेद नाही; कोलामीत तो आहे. 'केव' (कान) यातील 'ए' ऱ्हस्व आहे, तर 'पेर' (नाव) यातील 'ए' दीर्घ. मराठी लिपीत दोन्ही शब्दांतील मात्रा सारखीच दिसते, म्हणून या लेखातील कोलामी शब्द वाचताना ही मर्यादा लक्षात असावी. शब्दान्तीचे व्यंजन मराठीप्रमाणेच अकाराशिवाय उच्चारावे.

व्यंजने: क-ग, ट-ड, त-द, प-ब हे स्पर्श, म, न, ङ ही अनुनासिके, य, र, ल, व आणि स ही कोलामीची मुख्य व्यंजने आहेत. ख, घ, थ, ध, फ, भ यांसारखे महाप्राण मूळ कोलामीचे नव्हेत. ते मराठीतून घेतलेल्या शब्दांबरोबर आले. 'ह'ची गोष्टही तशीच.

मराठी माणसाला दोन गोष्टी चटकन जाणवतात. पहिली, 'ण' आणि 'ळ' यांची अनुपस्थिती. द्राविडी भाषा म्हटले की आपल्याला हे दोन मूर्धन्य ध्वनी आठवतात, पण कोलामीत 'ण'चा 'न' आणि 'ळ'चा 'ल' झाला आहे. डोळ्याला कन्नडमध्ये 'कण्णु' म्हणतात, कोलामीत 'कन'. मात्र याच शब्दाचे अनेकवचन 'कंडल' असे होते. एकवचनात कोठेही नसलेला मूर्धन्य 'ड' अनेकवचनात अचानक उभा राहतो. हा 'ड' हरवलेल्या 'ण'चा माग आहे. पुसलेल्या पाटीवर पेन्सिलीचा व्रण उरावा तसा.

दुसरी गोष्ट 'ङ'. मराठी मुळाक्षरांत आपण 'क ख ग घ ङ' असे पाठ करतो, पण 'वाङ्मय'सारखे मोजके संस्कृत शब्द सोडले तर या अक्षराला काम नसते. अंकलिपीत त्याच्यासमोर काढण्याजोगे चित्र नाही, हा प्रत्येक प्राथमिक शिक्षकाचा अनुभव आहे. कोलामीत 'ङ' हा रोजच्या वापरातील ध्वनी असून तो शब्दाच्या शेवटी येतो. वस्तू मोजताना 'इंदिङ' (दोन), 'मूंदिङ' (तीन), 'नालिङ' (चार) असे म्हणतात. मराठी 'ला' या अर्थाचा चतुर्थीचा प्रत्ययही 'ङ' किंवा 'उङ' असा आहे.

शब्दान्त: तेलुगू आणि कन्नड शब्दांच्या शेवटी बहुधा स्वर असतो. पामु, पालु, कन्नु असे शब्द त्या भाषांना शोभतात. कोलामीत व्यंजनान्त शब्द विपुल आहेत. पाम, पाल, कन, तसेच 'माक' (झाड) आणि 'किस' (अग्नी). कोलामी ऐकताना ती मराठी कानाला तेलुगूपेक्षा तुटक वाटते, याचे कारण हेच असावे.

स्वरभरण: कोलामीच्या ध्वनिव्यवस्थेतील सर्वांत वेधक भाग क्रियापदांत दिसतो. 'मोडणे' या अर्थाच्या धातूचे मूळ रूप 'किंक्' आहे. त्याला स्वराने सुरू होणारा वर्तमानकाळाचा 'अतुन' हा प्रत्यय लागला की 'किंक्' + 'अतुन' असे रूप सरळ होते. परंतु आज्ञार्थात धातू एकटाच उभा राहतो आणि शेवटी दोन व्यंजनांची गाठ पडते. ती गाठ सोडविण्यासाठी मध्ये एक स्वर घातला जातो: 'किनिक'. भूतकाळाचा 'तन' हा प्रत्यय व्यंजनाने सुरू होतो, तेव्हा तर तीन व्यंजने एकत्र येतील. तेथेही 'किनिक्तन' असे रूप होते.

मध्ये कोणता स्वर येणार, हे आधीचा स्वर ठरवितो. 'हलवणे' या अर्थाचा धातू 'मेल्ग्' आहे. त्याचे आज्ञार्थी रूप 'मेलेग'. 'मारणे' या अर्थाच्या 'कत्क्'चे 'कतक'. आधी 'इ' असेल तर 'इ', 'ए' असेल तर 'ए', 'अ' असेल तर 'अ'. स्वरभरण मराठीलाही परके नाही. 'जन्म'चा 'जनम', 'धर्म'चा 'धरम' आणि 'मूर्ख'चा 'मूरख' आपण बोलण्यात करतोच. मराठीत मात्र आधी कोणताही स्वर असो, भर पडते ती 'अ'ची. कोलामी आधीच्या स्वराचा प्रतिध्वनी घेते.

धातूतील प्रत्येक दुसरा स्वर असा भरलेला नसतो. 'खणणे' या अर्थाच्या 'अगुल' धातूतील 'उ' मूळचाच आहे. 'अतुन' प्रत्यय लागला तरी तो गळत नाही. म्हणूनच 'किनिक'मधला दुसरा 'इ' उपरा आणि 'अगुल'मधला 'उ' घरचा, असे निश्चितपणे सांगता येते. सर्वनामांत 'अम्द' (तो), 'नेंद' (आपण) अशी जोडव्यंजनान्त रूपे आढळतात. ती अपवाद मानावीत. हा नियम इतका नेटका आहे की जगभरच्या ध्वनिविचाराच्या विद्यार्थ्यांना स्वरभरण शिकविताना कोलामीची क्रियापदे उदाहरणादाखल दिली जातात. किनवटच्या शाळांत मात्र ती कोणी फळ्यावर लिहिल्याचे दिसत नाही.

लिंग, संख्या आणि सर्वनामे

कोलामीत नामांचे दोन वर्ग आहेत: पुरुष आणि इतर सर्व. 'अम्द' म्हणजे तो (पुरुष). 'अद' म्हणजे ती स्त्री, तो प्राणी किंवा ती वस्तू. अनेकवचनी ही सर्वनामे अनुक्रमे 'अव्र' आणि 'अदव' अशी होतात. येथवर स्त्री आणि वस्तू एकाच वर्गात आहेत. मोजताना मात्र स्त्रियांना स्वतंत्र स्थान मिळते. दोन पुरुष 'इद्दर', दोन स्त्रिया 'ईरल', दोन वस्तू 'इंदिङ'. तीन पुरुष 'मुग्गुर', तीन स्त्रिया 'मुयल', तीन वस्तू 'मूंदिङ'. पाच आणि त्यापुढील संख्यावाचकांवर तेलुगूचा ठसा स्पष्ट आहे.

'आम' म्हणजे ऐकणाऱ्याला वगळून आम्ही आणि 'नेंद' म्हणजे त्याला धरून आपण. 'आम्ही' आणि 'आपण' हा भेद मराठीत आहे, हिंदीत नाही. मराठीला तो द्राविडी शेजारातून लाभला असे अनेक अभ्यासक मानतात. देणेघेणे एकाच बाजूने झालेले नाही.

अभ्यासाचा इतिहास

जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या मुंडा आणि द्राविडी भाषांना वाहिलेल्या चौथ्या खंडात (१९०६) कोलामी आणि नाइकी यांची दखल घेतलेली आहे. शास्त्रशुद्ध अभ्यासाचा पाया मात्र दोघांनी, एकमेकांपासून दूर राहून घातला.

त्यांपैकी एक मरे एमेनो. कॅनडात जन्मलेले आणि पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठात अध्यापन करणारे हे भाषाशास्त्रज्ञ १९३५ ते १९३८ या काळात भारतात होते. निलगिरीतील तोडा, कोटा या भाषांबरोबरच त्यांनी वर्धा जिल्ह्यातील कोलामांची भाषा टिपून घेतली. हे काम १९५५ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. धातूंमधील स्वरभरणाची वर दिलेली उदाहरणे त्यांच्याच नोंदींतून सर्वत्र पसरली.

दुसरे सेतुमाधवराव पगडी. त्यांचा जन्म १९१० मध्ये आजच्या लातूर जिल्ह्यातील निलंगा येथे झाला. मराठी वाचक त्यांना मराठेशाही आणि मोगल काळाचे इतिहासकार, फार्सी साधनांचे भाषांतरकार म्हणून ओळखतो. त्यांच्या नावावर गोंडी आणि कोलामी या दोन भाषांची व्याकरणे आहेत, हे फारच थोड्यांना ठाऊक असते. हैदराबाद संस्थानच्या सेवेत अदिलाबादच्या आदिवासी भागात काम करताना ते या भाषा शिकले. त्यांचे कोलामीचे इंग्रजी व्याकरण १९५० मध्ये हैदराबाद येथे प्रसिद्ध झाले, म्हणजे एमेनो यांच्या ग्रंथाच्या आधी पाच वर्षे. ते व्यवसायाने भाषाशास्त्रज्ञ नव्हते आणि त्यांची ध्वनिलेखनाची पद्धत एमेनो यांच्याइतकी काटेकोर नाही. परंतु एमेनो यांनी वर्ध्याची बोली टिपली, तर पगडींनी अदिलाबादची. एकाच्या कामाने दुसऱ्याची उणीव भरून निघाली.

टॉमस बरो आणि एमेनो यांनी सिद्ध केलेल्या द्राविडी व्युत्पत्तिकोशात (१९६१, दुसरी आवृत्ती १९८४) या सामग्रीचा भरपूर उपयोग केला आहे. त्यात अनेक कोलामी शब्दांपुढे 'एस. आर.' ही सेतुमाधवरावांच्या नावाची आद्याक्षरे दिसतात. काही शब्दांपुढे 'किन.' असा संक्षेप आहे; तो किनवटच्या बोलीचा. द्राविडी भाषांच्या या प्रमुख कोशात निलंग्याचा माणूस आणि किनवटचा तालुका असे एकत्र नांदत आहेत.

चंद्रपूरकडील नाइकीवर सुधिभूषण भट्टाचार्य यांचा अभ्यास १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला. मराठीत गणेश देवी यांच्या पुढाकाराने झालेल्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाच्या महाराष्ट्र खंडात (संपादक अरुण जाखडे, २०१३) राज्यातील इतर आदिवासी भाषांबरोबर कोलामीचाही परिचय आहे.

शाळा आणि लिपी

कोलामीला स्वतःची परंपरागत लिपी नाही. महाराष्ट्रात ती देवनागरीत आणि तेलंगणात तेलुगू लिपीत लिहिली जाते. अविभाजित आंध्र प्रदेशात २००४ च्या सुमारास सुरू झालेल्या मातृभाषाधारित बहुभाषिक शिक्षणाच्या उपक्रमात निवडलेल्या आठ भाषांमध्ये कोलामी होती. तेलुगू लिपीत ऱ्हस्व आणि दीर्घ ए, ओ यांना वेगवेगळी अक्षरे असल्यामुळे तेथे कोलामी स्वर अचूक लिहिता येतात. देवनागरीतही दाक्षिणात्य भाषांसाठी 'ऎ' आणि 'ऒ' ही अक्षरे उपलब्ध आहेत, पण मराठी शाळेच्या मुळाक्षरांत ती नाहीत.

पहिलीच्या वर्गात येणाऱ्या कोलाम मुलाची अडचण केवळ मराठी न येण्याची नसते. मराठी शब्द त्याला ओळखीचेच वाटतात आणि अर्थ भलताच निघतो. पुस्तकातील 'पाल' भिंतीवर चालते. त्याच्या घरी तो शब्द दुधाचा. 'सूप' धान्य पाखडण्याचे. त्याचे 'सुप' म्हणजे मीठ. नदीवर 'पूल' बांधला हे वाक्य त्याला वाघाची आठवण करून देते. 'काना'कडे बोट दाखवा म्हटले तर त्याचे बोट डोळ्याकडे जाण्याचा संभव आहे, कारण 'कन' म्हणजे डोळा. ज्या शिक्षकाला हे पाच-सहा शब्द माहीत नाहीत, तो अशा मुलाला मंद ठरवून मोकळा होतो. प्रस्तुत लेखकाच्या पिढीतील शिक्षकांकडून हे घडलेले आहे.

नोकरीसाठी किनवट-माहूर भागात येणारे बहुसंख्य शिक्षक बाहेरचे असतात. त्यांच्या हाती देण्याजोगी कोलामी-मराठी शब्दसूची तयार करताना शब्द मराठी वर्णक्रमाने लावण्याऐवजी आधी असे फसवे जोडशब्द घ्यावेत, ऱ्हस्व 'ऎ' आणि 'ऒ' वेगळे दाखवावेत, आणि 'ङ' या अक्षरासमोर 'इंदिङ' हा शब्द व दोन आंब्यांचे चित्र घालावे.